क्यूएनएक्सवर दोन सर्व्हिस एकमेकींची वाट बघत अडकतात, थ्रेड वाढवूनही सुटेना

हिंजवडी_फेज_३ (धागाकर्ता), सोमवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय. सहा वर्षं लिनक्सवर सी आणि सी++ केलं, आता गाडीच्या डॅशबोर्डच्या प्रोजेक्टवर टाकलंय आणि इथे सगळं क्यूएनएक्स ७.१, म्हणजे गाड्या-यंत्रांतली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. मला वाटलं होतं पॉझिक्स (युनिक्स-लिनक्सचं सामाईक स्टँडर्ड) आहे म्हणजे पीथ्रेड आहेत (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधला स्वतंत्र कामकरी), म्युटेक्स म्हणजे कुलपं आहेत, कंपाइल केलं की झालं. कंपाइल झालं पण. तिथेच फसलो.

(मोबाइलवरून टाइप करतोय, कीबोर्ड बदलायचा कंटाळा, त्यामुळे फंक्शनची नावंसुद्धा देवनागरीत येतील, सांभाळून घ्या.)

तर दोन सर्व्हिस आहेत. एक 'गाडीडेटा', म्हणजे कॅन बसवरून (गाडीतल्या यंत्रांना जोडणारी तार) स्पीड, ओडोमीटर, एरर कोड वगैरे वाचते आणि ज्याला हवं त्याला देते. दुसरी 'लॉगर', सगळ्यांच्या लॉगच्या ओळी घेऊन फ्लॅशवर लिहिते. लिनक्सवर दोघींमध्ये युनिक्स सॉकेट (दोन प्रोग्रॅममधली डेटाची नळी) होतं. इथे लीड म्हणाला नेटिव्ह मेसेज पासिंग वापर, सॉकेट कशाला, म्हणून मेसेज सेंड, मेसेज रिसीव्ह, मेसेज रिप्लाय असं सगळं बदललं. छान चाललं. मग संध्याकाळी बघतो तर डॅशबोर्ड गोठलेला, काटा ६० वर आणि गाडी म्हणजे टेबलावरचा टेस्ट बेंच बंद. क्रॅश नाही, कोअर फाइल नाही, सीपीयू ९८ टक्के रिकामा. नुसतं शांत.

गाडीडेटात एकच थ्रेड होता, मी आठ केले. आता दोन तासांऐवजी दोन दिवसांनी अडकतं. लीड म्हणतो सोळा कर. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये.

---

पेंग्विनप्रेमी, सोमवार रात्री ११:५२

लिनक्स वापरा. विषय संपला. मायक्रोकर्नल (कर्नल म्हणजे ओएसचा गाभा छोटा आणि बाकी सगळं वेगळ्या प्रोसेसमध्ये) कॉलेजात शिकवायला छान असतं.

---

तपकीर_गल्ली, मंगळवार सकाळी ७:१५

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा, ते प्रत्येक धाग्यावर येतात.

पिडिनचं आउटपुट टाक आधी, म्हणजे चालू थ्रेडची यादी दाखवणारी क्यूएनएक्सची कमांड. क्यूएनएक्सवर अडकलं की पहिली गोष्ट पिडिन, डीबगर नंतर. प्रत्येक थ्रेडसमोर त्याची स्टेट आणि तो नेमका कोणाच्या नावाने अडकलाय ते दिसतं. लिनक्सवर असं एका कमांडमध्ये कुठे मिळतं सांगा बरं.

---

हिंजवडी_फेज_३, मंगळवार सकाळी ९:३०

हे घ्या. कालचं, अडकलेल्या अवस्थेतलं, महत्त्वाच्या ओळी तेवढ्या:

गाडीडेटा, थ्रेड ५, प्रायॉरिटी १०, स्टेट रिप्लाय, कोणावर: लॉगर
गाडीडेटा, बाकीचे सात थ्रेड, प्रायॉरिटी १०, स्टेट सेंड, कोणावर: लॉगर
लॉगर, थ्रेड १, प्रायॉरिटी १०, स्टेट सेंड, कोणावर: गाडीडेटा

टाकताना शेवटच्या ओळीकडे मीच बघत बसलो. लॉगर गाडीडेटाला काय विचारतोय? मग आठवलं. लॉगची फाइल ५ एमबीची झाली की लॉगर नवी फाइल उघडतो आणि तिच्या डोक्यावर त्या क्षणाचं ओडोमीटर रीडिंग लिहितो. ते रीडिंग तो गाडीडेटाकडून मागतो. मीच लिहिलंय ते, मार्चमध्ये. लिनक्सच्या कोडमध्येही होतंच की, तिथे कधी अडकलं नाही.

---

मिशिगनकरीण, मंगळवार संध्याकाळी ६:०५

अरे वा, पिडिनमध्येच पूर्ण कहाणी आहे तुझी. मी इकडे डेट्रॉइटजवळ हेच काम करते दहाएक वर्षं, तर जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बस.

आधी सेंड आणि रिप्लाय या दोन स्टेटमधला फरक नीट बघ, कारण नावं फसवी आहेत. तू मेसेज सेंड केलास आणि समोरच्याने अजून तो उचललाच नाही, तर तू सेंड स्टेटमध्ये. समोरच्याने मेसेज रिसीव्ह करून उचलला पण अजून उत्तर दिलं नाही, तर तू रिप्लाय स्टेटमध्ये. तलाठी कार्यालय डोळ्यासमोर आण. रांगेत उभा आहेस म्हणजे सेंड. खिडकीशी पोचलास, कागद आत गेला, भाऊसाहेब शिक्का शोधतायत, म्हणजे रिप्लाय. दोन्हीकडे तू हलू शकत नाहीस, कारण मेसेज सेंड हा ब्लॉकिंग आहे, उत्तर येईपर्यंत तो थ्रेड पुढे एक ओळ चालत नाही.

आता तुझं. थ्रेड ५ चा कागद लॉगरने आत घेतला. तो लिहिताना त्याच्या लक्षात आलं की फाइल ५ एमबीची झाली, नवी उघडायला हवी, त्यासाठी ओडोमीटर हवं. मग भाऊसाहेब स्वतः उठून गाडीडेटाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. पण गाडीडेटाच्या आठही खिडक्यांवरचे कारकून लॉगरच्या रांगेत उभे. झालं.

लिनक्सवर का अडकलं नाही, तर तिथे सॉकेटमध्ये कर्नलचा बफर होता. गाडीडेटाने लॉगची ओळ बफरमध्ये टाकली आणि पुढे गेला, उत्तराची वाटच बघत नव्हता. चक्र तेव्हाही होतं, बफर भरेपर्यंत दिसत नव्हतं इतकंच. क्यूएनएक्सच्या मेसेज सेंडमध्ये असा मधला बफर नाही, कर्नल डेटा थेट एका प्रोसेसच्या मेमरीतून दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत कॉपी करतो. वेगवान आहे ते त्यामुळेच आणि चक्र असलं तर पहिल्याच दिवशी नडतं तेही त्यामुळेच.

सोळा थ्रेडचं म्हणशील तर सोळा थ्रेड दोन दिवसांचे चार दिवस करतील. आणि एक विचार कर. आठही थ्रेड एकाच वेळी लॉग लिहायला कधी धावतात? बसवर एररचा पाऊस पडतो तेव्हा. आणि फाइल पटकन ५ एमबीची कधी होते? तेव्हाच. म्हणजे ज्या दिवशी लॉगची खरी गरज, नेमकं त्याच दिवशी तुझं अडकणार. बेंचवर दोन दिवस, रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात.

---

हिंजवडी_फेज_३, मंगळवार रात्री १०:२०

ताई, साष्टांग. "पहिल्या खड्ड्यात" हे लीडला जसंच्या तसं ऐकवलं.

पण एक प्रश्न राहतो. मी दुपारी टाइमआउट लावून बघितला होता. गाडीडेटाच्या मेसेज सेंडच्या आधी टाइमर टाइमआउट, २०० मिलिसेकंद. सात थ्रेड सुटले, पाचवा सुटेना! टाइमआउट लावूनही रिप्लाय स्टेटमध्ये तसाच बसून. हा बग आहे का?

---

मिशिगनकरीण, मंगळवार रात्री १०:५८

बग नाही. लॉगरचं चॅनल (ज्यावर मेसेज येतात ते दार) बनवताना अनब्लॉकचा फ्लॅग दिला आहेस का? बहुतेक उदाहरणातून कॉपी केलं असशील.

---

हिंजवडी_फेज_३, मंगळवार रात्री ११:०३

दिलाय. उदाहरणातूनच.

---

मिशिगनकरीण, मंगळवार रात्री ११:२५

मग बरोबर चाललंय सगळं. तो फ्लॅग असला की कर्नल म्हणतो, मेसेज सर्व्हरने एकदा उचललाय ना, मग त्याला न विचारता क्लायंटला सोडणार नाही, कारण सर्व्हर कदाचित अर्ध्या कामात असेल. त्याऐवजी कर्नल सर्व्हरला एक अनब्लॉक पल्स (छोटासा इशारा) पाठवतो, "अहो, तुमचा गिऱ्हाईक कंटाळला, काय ते बघा". सर्व्हरने ती पल्स वाचून रिप्लाय द्यायचा, मग क्लायंट सुटतो. तुझा सर्व्हर स्वतःच सेंडमध्ये अडकलेला, तो पल्स वाचणार कधी? जे सात रांगेत होते, म्हणजे सेंड स्टेटमध्ये, ते मात्र लगेच सुटले, कारण त्यांचा कागद अजून कोणी घेतलाच नव्हता.

टाइमआउट लावायचाच तर लॉगरच्या सेंडवर लाव, तो सुटेल आणि सगळी साखळी सुटेल. पण ते ठिगळ झालं, उपाय नाही.

---

जुनं_खोड, बुधवार सकाळी ६:१०

उपाय मी सांगतो, कारण हा उपाय मी फ्लॉपीच्या काळात शिकलोय.

नव्वदच्या दशकात आम्ही एका कारखान्यात क्यूएनएक्स ४ वर कंट्रोल सिस्टिम चालवायचो. तेव्हा आजच्यासारखे थ्रेडच नव्हते, एक प्रोसेस म्हणजे एक काम, आणि सेंड थेट प्रोसेसच्या आयडीवर जायचा. न्यूट्रिनो, म्हणजे क्यूएनएक्सची पुढची पिढी, आल्यावर थ्रेड आले आणि मेसेज चॅनलवर जायला लागला, म्हणजे ज्याचा थ्रेड मोकळा असेल तो उचलेल. तुम्हा लोकांना हे गृहीत आहे. आमच्याकडे एकच कारकून असल्यामुळे अडकलं तर ताबडतोब अडकायचं, दोन दिवस थांबायचं नाही. त्यामुळे नियम अंगात मुरला: कोण कोणाला सेंड करतो याचं झाड काढायचं कागदावर, आणि सेंड फक्त वरच्या दिशेने. खालचा वरच्याला सेंड करेल, वरचा खालच्याला कधीही सेंड करणार नाही. हे त्यांच्या मॅन्युअलमध्येही लिहिलेलं आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण.

मग वरच्याला खालच्याशी बोलायचं असेल तर? तर पल्स. पल्स म्हणजे मिस्ड कॉल. पाठवणारा थांबत नाही, आत फार काही मावत नाही, एक छोटा कोड आणि एक आकडा. पण "मला फोन कर" एवढं सांगायला तेवढं पुरतं. तुझ्या लॉगरने गाडीडेटाला मिस्ड कॉल द्यायचा, 'नवी फाइल उघडतोय, डोक्यावरची माहिती दे', आणि आपल्या कामाला लागायचं. गाडीडेटाचा जो थ्रेड ती पल्स उचलेल तो ओडोमीटर घेऊन लॉगरला नेहमीसारखा सेंड करेल. बाण सगळे एकाच दिशेचे राहिले.

कॉलेजात असताना मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता तेव्हा सगळेच असं करायचे ना? (तुमच्या पिढीचं माहीत नाही, आम्ही पोस्टकार्डवाले.)

---

पेंग्विनप्रेमी, बुधवार सकाळी ९:४०

म्हणजे एक ओळ लॉग लिहायला दोन कॉन्टेक्स्ट स्विच (सीपीयूने एक थ्रेड सोडून दुसरा घेणं), एक मिस्ड कॉल आणि कागदावर झाड. म्हणूनच म्हणतो मायक्रोकर्नल स्लो. लिनक्सच्या लिनसने १९९२ लाच यावर वाद घातला होता.

---

वाचनमात्र_होतो, बुधवार दुपारी १:१५

पेंग्विनभाऊ, १९९२ च्या जानेवारीत मिनिक्स या मायक्रोकर्नलवाल्या ओएसचे कर्ते टॅनेनबॉम साहेबांनी लिनक्स कालबाह्य आहे असं लिहिलं आणि लिनसने उत्तर दिलं, तो वाद वाचलाय सगळ्यांनी. पण तेव्हा लोकांच्या डोळ्यासमोर मॅक नावाचा मायक्रोकर्नल होता, कार्नेगी मेलन विद्यापीठाचा (अ‍ॅपलचा मॅक नव्हे), आणि त्याचं मेसेज पासिंग खरंच जड होतं. त्यानंतर १९९३ मध्ये योखेन लिडकेने दाखवून दिलं की कर्नल नीट छोटा ठेवला, कॅशमध्ये बसेल असा, तर मेसेज वीसएक पट जलद जातो. त्यातूनच एल४ आलं, आणि त्याच कुळातल्या एसईएल४ चं कोड बरोबर असल्याचा २००९ मध्ये गणिती पुरावा झाला, जेमतेम ९ हजार ओळींच्या आसपासचं सी कोड आहे ते. कोट्यवधी ओळींच्या कर्नलचा असा पुरावा कोण करणार?

आणि वाद जिंकला लिनसने, पण टॅनेनबॉमचं मिनिक्स तुमच्या इंटेलच्या मशिनमध्ये मॅनेजमेंट इंजिनच्या (मुख्य सीपीयूशेजारचा छुपा छोटा संगणक) आत बसलंय हे २०१७ ला बाहेर आलं. म्हणजे तुम्ही हा प्रतिसाद लिहिताना खाली मायक्रोकर्नल चालू असेल बहुतेक.

---

पेंग्विनप्रेमी, बुधवार दुपारी १:३१

माझं एएमडी आहे.

---

तपकीर_गल्ली, बुधवार दुपारी २:००

हाहाहा. हा एक मान्य.

पण स्लो-फास्टचा मुद्दा गाडीत तसा गौणच. साउंडचा ड्रायव्हर कोसळला तर लिनक्सवर कर्नल पॅनिक होऊ शकतो, इथे ड्रायव्हर म्हणजे साधी प्रोसेस, मेली तर पुन्हा चालू करा, काटा हलत राहतो. म्हणून तर कंपनीच्याच आकड्यानुसार क्यूएनएक्स २० कोटींहून जास्त गाड्यांमध्ये आहे.

धागाकर्ते, मूळ मुद्द्याला जोडून पोर्टिंगमधला माझा एक घोळ सांगतो, तुलाही येईल कधीतरी. लिनक्सवरून आणलेल्या एका लायब्ररीत असं होतं की एक थ्रेड फ्लॅगची वाट बघत गोल गोल फिरतो आणि प्रत्येक फेरीला शेड्यूल यील्ड करतो, म्हणजे सीपीयू दुसऱ्याला देऊ करतो. लिनक्सवर मस्त. आमच्याकडे आणलं, त्या थ्रेडची प्रायॉरिटी ११ दिलेली (आकडा मोठा तेवढा मान मोठा) आणि फ्लॅग लावणारा थ्रेड १० वर. एक कोरचा बोर्ड. बोर्ड थेट मेला. सिरियल कन्सोलसुद्धा उत्तर देईना, कारण शेलपण १० वर. यील्ड केलं की कर्नल फक्त त्याच प्रायॉरिटीच्या दुसऱ्या कोणाला संधी देतो, ११ वर दुसरं कोणी नाही, मग परत तोच. लिनक्सचा नेहमीचा शेड्यूलर सगळ्यांना थोडं थोडं वाढतो, पंगतीसारखं. इथे मोठ्यांची पंगत उठल्याशिवाय लहानांना ताट नाही. माझ्या डेस्कवरच्या बोर्डाला दोन कोर असल्यामुळे तीन आठवडे कळलंच नाही, कारण एक कोर फिरत बसला तरी दुसऱ्यावर काम चालू. उपाय साधाच, कंडिशन व्हेरिएबल लावला, म्हणजे कोणी उठवेपर्यंत थ्रेड झोपतो.

---

टीई_कॉम्प_सांगली, बुधवार संध्याकाळी ५:४५

मी विद्यार्थी आहे, रास्पबेरी पाय ४ वर क्यूएनएक्स ८ टाकलंय. २०२४ च्या नोव्हेंबरपासून शिकायला, म्हणजे बिनव्यावसायिक वापराला फुकट लायसन्स देतात, म्हणून हात मारला. एक छोटा वेबसर्व्हर पोर्ट करतोय तर ईपोल (अनेक कनेक्शनवर एकदम लक्ष ठेवायची सोय) नाही असं कंपायलर ओरडतो, आणि हायफन एलपीथ्रेड (पीथ्रेड लायब्ररी जोड) दिलं तर लिंकर ते सापडत नाही म्हणतो. मग थ्रेड आहेत की नाहीत? गूगलवर जे सापडतं ते सगळं दहा वर्षं जुनं.

---

मिशिगनकरीण, बुधवार रात्री ८:३०

आहेत रे बाळा, थ्रेड सी लायब्ररीतच आहेत, वेगळी पीथ्रेड लायब्ररी नाही, ते हायफनवालं काढून टाक. सॉकेटला मात्र उलटं, ती लिनक्सवर सी लायब्ररीत असतात, इथे सॉकेट लायब्ररी वेगळी जोडावी लागते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे केस जातात यात.

ईपोल लिनक्सचं खास आहे, पोल वापर, छोट्या सर्व्हरला पुरतं. टाइमर हवा तर टाइमर क्रिएट करून त्याला पल्स पाठवायला सांग. मग तुझा एकच थ्रेड मेसेज रिसीव्हवर बसेल आणि त्याच दारातून मेसेज, टाइमरची पल्स, इंटरप्टची पल्स सगळं येईल. एकदा हे डोक्यात बसलं की ईपोलची आठवण येत नाही.

आणि थ्रेडच्या स्टॅकवर (फंक्शनच्या आतल्या डेटाची जागा) लक्ष ठेव. लिनक्सवर साधारण ८ एमबी मिळतो म्हणून लोक फंक्शनच्या आत दोन-दोन एमबीचे अ‍ॅरे बनवतात. इथे नवीन थ्रेडला डिफॉल्ट त्यापेक्षा कितीतरी कमी मिळतो. थ्रेड बनवतानाच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आकडा दे, नाहीतर जेपेग उघडताना सेगमेंटेशन फॉल्ट येईल आणि तू जेपेग लायब्ररीला शिव्या घालशील.

---

जुनं_खोड, बुधवार रात्री ९:१५

सॉफ्टवेअर सपोर्टचं रडगाणं जुनंच आहे हो. १९८० ला वॉटर्लूला गॉर्डन बेल आणि डॅन डॉज या दोन पोरांनी क्यूएनएक्स सुरू केलं, १९८२ ला पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून 'चांगलं आहे पण त्यावर चालतं काय' हाच प्रश्न. नव्वदच्या शेवटाला त्यांची एक डेमो फ्लॉपी यायची, १.४४ एमबीमध्ये खिडक्या, ब्राउजर, नेटवर्क सगळं. मी ती ऑफिसात सगळ्यांना दाखवली, साहेबांनी विचारलं यावर एक्सेल चालतं का. २००७ ला सोर्स बघायला खुला केला, आम्ही खूश, २०१० ला रिमने (ब्लॅकबेरीवाल्यांनी) घेतल्यावर परत बंद. आता पुन्हा विद्यार्थ्यांना फुकट. सांगलीकर, घेऊन ठेव तोवर.

---

हर्ड_हर्ड_महादेव, बुधवार रात्री १०:००

अवांतर पण राहवत नाही. तुमचा आठ थ्रेडचा प्रकार वाचून ग्नू हर्ड या मायक्रोकर्नलवाल्या ओएसची आठवण आली. १९९० पासून भिजत पडलेलं घोंगडं आहे ते, तरी मी डेबियन हर्ड व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवतो, हौस. तिथे याच्या बरोब्बर उलटं करतात. सर्व्हरमध्ये येणाऱ्या विनंतीला मोकळा थ्रेड नसला की नवा बनवायचा, मर्यादा नाही. त्यामुळे थ्रेड संपले म्हणून अडकायचा प्रश्न येत नाही, पण डिस्क जरा मंद झाली की फाइलसिस्टिमच्या प्रोसेसमध्ये थ्रेडच थ्रेड, हजारांत जातात आणि मशीन गुडघ्यावर.

---

तपकीर_गल्ली, बुधवार रात्री १०:१८

आयडी एक नंबर.

क्यूएनएक्सच्या थ्रेड पूलमध्ये (थ्रेडचा तयार साठा) यासाठीच लो वॉटर, हाय वॉटर आणि मॅक्सिमम असे आकडे द्यायचे असतात. वाट बघणारे थ्रेड लो वॉटरच्या खाली गेले की नवे बनवायचे, हाय वॉटरच्या वर गेले की जास्तीचे मारायचे. खडकवासल्याचा विसर्गच. पण मॅक्सिममला भिंत आहे, आणि चक्र असलं तर पाणी भिंतीपर्यंत येणारच.

---

हिंजवडी_फेज_३, सोमवार रात्री ९:५०

अपडेट. काकांचा मिस्ड कॉल लावला. चार दिवस झाले, अडकलं नाही, मुद्दाम बसवर एररचा मारा केला तरी नाही. लीडने सोळाचा विषय परत काढला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

पण (पण असतंच) आता वेगळंच. एररचा मारा चालू असताना काटा अधूनमधून धक्के खात सरकतो. लॉगरची प्रायॉरिटी मी मुद्दाम ८ ठेवलीये, यूआयची (काटा दाखवणारा स्क्रीन) १५, कॅन वाचणाऱ्या थ्रेडची २१. ८ वाला १५ वाल्याला कसा नडेल? पिडिनमध्ये बघितलं तर लॉगर २१ वर पळतोय! मी तर कुठेच २१ लिहिलं नाही. स्वस्त व्हेरियंटचा बोर्ड आहे, दोनच कोर, त्यातल्या एकावर यूआय रनमास्कने (कुठल्या कोरवर चालायचं ती सेटिंग) बांधलेलं.

---

मिशिगनकरीण, मंगळवार पहाटे ४:१०

लॉगर नवी फाइल उघडल्यावर जुनी झिप करतो का? त्याच थ्रेडमध्ये?

---

हिंजवडी_फेज_३, मंगळवार सकाळी ९:०५

हो. कसं कळलं??

---

मिशिगनकरीण, मंगळवार संध्याकाळी ५:५०

कारण मी स्वतः केलंय ते.

कलेक्टरची फाइल घेऊन शिपाई तहसीलमध्ये आला तर त्याला कोणी बाकावर बसवतं का? फाइल हातात असेपर्यंत शिपाई म्हणजे कलेक्टरच. क्यूएनएक्समध्ये सर्व्हर थ्रेडने मेसेज उचलला की तो पाठवणाऱ्याच्या प्रायॉरिटीवर चढतो, आणि पुढचा मेसेज उचलेपर्यंत तिथेच असतो. हे मुद्दाम आहे, नाहीतर २१ वाला ८ वाल्याची वाट बघत बसेल आणि मधला १५ वाला दोघांनाही अडवेल. मार्स पाथफाइंडर १९९७ ला मंगळावर पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं ते असल्याच घोळाने. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी होती, व्हीएक्सवर्क्स, म्युटेक्सवर प्रायॉरिटी इनहेरिटन्स (वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी कुलूप धरणाऱ्याला देणं) बंद होतं, पृथ्वीवरून चालू करून दिलं. क्यूएनएक्सच्या म्युटेक्समध्ये ते डिफॉल्टच चालू असतं.

तुझा शिपाई मात्र कलेक्टरची फाइल पोचवून झाल्यावर त्याच रुबाबात पाच एमबीचं झिप करत बसतो, २१ वर, यूआयच्या कोरवर. तर झिपला वेगळा थ्रेड दे. तो सुरुवातीलाच बनवून ठेव, प्रायॉरिटी स्वतः लिहून दे, ६-७ काहीतरी, आणि त्याने कधीही मेसेज रिसीव्ह करायचं नाही, लॉगरच्या आतच कंडिशन व्हेरिएबलवर झोपायचं. मुख्य थ्रेडने ओळ लिहायची, रिप्लाय द्यायचा, पुढचा मेसेज उचलायचा. बाकी काही नाही.

चॅनलला फिक्स्ड प्रायॉरिटीचा फ्लॅग असतो, तो लावलास तर हे चढणं बंद होईल, पण मग २१ वाला खरंच ८ वाल्यासाठी ताटकळेल. तो मोह टाळ.

---

तपकीर_गल्ली, मंगळवार संध्याकाळी ६:३०

आणि मुळात स्वतःचा लॉगर कशाला, क्यूएनएक्सचा तयार लॉगर, स्लॉगर २, वापर की. त्यात प्रत्येक प्रोसेस शेअर्ड मेमरीतल्या आपल्या बफरमध्ये लिहिते, ओळीमागे मेसेज जातच नाही.

---

हिंजवडी_फेज_३, गुरुवार रात्री ११:१५

स्लॉगरचं विचारलं होतं सुरुवातीलाच, पण गिऱ्हाइकाला त्यांचाच फाइल फॉरमॅट हवाय, डोक्यावर ओडोमीटर वगैरे. त्यामुळे हे भोग.

झिपचा थ्रेड वेगळा केला. काटा लोण्यासारखा फिरतोय, व्हिडिओ काढून लीडला पाठवला, त्याने अंगठा दाखवला, जो त्याच्याकडून फार आहे.

काकांनी सांगितलेलं झाड आज व्हाइटबोर्डवर काढलं, सगळ्या टीमला बसवून. यूआय सेंड करतो गाडीडेटाला. गाडीडेटा सेंड करतो लॉगरला. लॉगर प्रत्येक ओळीवर वेळ छापायला 'वेळ' सर्व्हिसला विचारतो, सेंडच. वेळ सर्व्हिस जीपीएसची वेळ गाडीडेटाकडून घेते, तासातून एकदा. लॉगरकडून गाडीडेटाला फक्त पल्स, ती तुटक रेषेने दाखवली. बाण सगळे वर. छान दिसतंय, फोटो काढून ठेवलाय.

---

जुनं_खोड, शुक्रवार सकाळी ६:०२

वेळ सर्व्हिस गाडीडेटाकडून घेते, ती कशी? सेंड करून?

---

हिंजवडी_फेज_३, शुक्रवार सकाळी ८:४४

हो, सें

च्यायला.

गाडीडेटा लॉगरला, लॉगर वेळेला, वेळ गाडीडेटाला. फळ्यावर जागा नव्हती म्हणून तो शेवटचा बाण बाजूने फिरवून वर नेला होता.

बसमध्ये आहे, ऑफिसात पोचलो की आधी पुसतो.